बॉयलर तापतोय? आधी व्हॉल्व्ह बघा, मग बॉयलरकडे या

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं कापून त्यांच्याच शब्दांत देतो.

“दिवाळीच्या आधी घर रंगवायला काढलं. त्या निमित्ताने खालच्या मजल्यावरचे दोन गंजलेले रेडिएटर बदलून घेतले. वरच्या खोल्यांमधले रेडिएटर रंगाऱ्यांनी भिंतीवरून उतरवले आणि रंग वाळल्यावर परत लावून दिले. थंडी पडल्यावर हीटिंग चालू केलं, तर दोनच मिनिटांत बॉयलरवर ८५ अंश दिसायला लागले. आतून ढबढब असा आवाज येतो, मग बॉयलर बंद पडतो आणि लाल दिवा लागतो. रीसेटचं बटण दाबलं की चालू होतो, परत तेच. वरचे रेडिएटर जेमतेम कोमट, खालचे नवे दोन्ही गारठोण. अंघोळीला मात्र गरम पाणी पहिल्यासारखं व्यवस्थित येतं. रेडिएटर बसवणारा माणूस आता फोन उचलत नाही. दुसऱ्या एकाला बोलावलं, तो दहा मिनिटांत म्हणाला, नऊ वर्षांचा बॉयलर आहे, म्हातारा झाला, नवीन घाला. आई-बाबा सांगलीहून पुढच्या महिन्यात येताहेत, बाबांना दमा आहे. खरंच नवीन घ्यावा लागेल का? आमचे हे म्हणतात, थांब, मीच झाकण उघडून बघतो. उघडू देऊ का?”

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे. नवीन बॉयलर इतक्यात घेऊ नका आणि यजमानांना झाकणाला हात लावू देऊ नका. त्यांच्या हाताला दुसरं भरपूर काम आहे, ते पुढे सांगतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: अंघोळीचं पाणी व्यवस्थित येतं. तुमच्याकडे टाकीविना चालणारा कॉम्बी बॉयलर आहे असं बाकीच्या वर्णनावरून दिसतं. कॉम्बीत नळाचं पाणी आणि रेडिएटरचं पाणी तापवायला दोन वेगळ्या शेगड्या नसतात. बर्नर एकच, मुख्य उष्णता-विनिमयक (बर्नरची उष्णता पाण्याला देणारा भाग) एकच, पंपही एकच. तुम्ही गरम पाण्याचा नळ उघडलात की आतला एक वळण-व्हॉल्व्ह पाण्याची वाट बदलतो. तापलेलं पाणी मग रेडिएटरकडे न जाता बॉयलरच्या पोटातल्या पोटातच एका छोट्या पत्र्यांच्या विनिमयकातून फिरतं आणि नळाच्या पाण्याला उष्णता देऊन परत येतं. म्हणजे नळ चालू असताना बर्नर, गॅस, पंप, तापमान मोजणारे सेन्सर, सगळे कामाला लागलेले असतात. ते ठीक चालत असतील, तर बिघाड बॉयलरच्या बाहेर, रेडिएटरच्या वाटेवर असण्याची शक्यता फार मोठी.

ही परीक्षा पुन्हा एकदा नीट घ्या. हीटिंग बंद ठेवा. स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा, आठ-दहा मिनिटं चालू द्या आणि बॉयलरच्या पडद्याकडे लक्ष ठेवा. आकडा एका जागी स्थिरावला, आवाज नाही, पाणी एकसारखं गरम, तर पुढचं वाचा. नळाच्या वेळीही आकडा उसळत असेल आणि ढबढब होत असेल, तर माझा अंदाज चुकला. तेव्हा पुढचा खटाटोप न करता सरळ गॅस सेफ नोंदणीच्या (म्हणजे गॅसची कामं करायची अधिकृत नोंदणी असलेल्या) इंजिनिअरला बोलवा. आता हा पुरावा शंभर टक्के आहे असं मी म्हणणार नाही. पोटातला फेरा छोटा असतो, त्यामुळे दमलेला पंपही तेवढं ओढून नेतो. पण “म्हातारा झाला, नवीन घाला” म्हणणाऱ्याने हा नळ एकदा तरी उघडून बघितला होता का, एवढं त्याला जरूर विचारा. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असे सल्ले या देशात हिवाळ्यात फार मिळतात. आणि ते औषध काही हजार पौंडांचं असतं.

बॉयलर तापतो म्हणजे नेमकं काय होतं, तेही समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. जळणारी शेगडी सतत उष्णता देत असते, आणि ती घेऊन जायला पाणी सतत वाहतं लागतं. घरगुती कॉम्बी साधारण २४ किलोवॅटपासून पुढे असतात, आणि आजकालच्या विनिमयकात पाणी मावतं फार थोडं. समजा दोन लिटर. ते पाणी जागच्या जागी थांबलं आणि बर्नर पूर्ण जोरावर असला, तर हिशोबाने ते सेकंदाला जवळजवळ तीन अंशांनी तापतं. वीस अंशांवरून ऐंशीवर जायला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. तुमच्याकडे दोन मिनिटं लागतात, म्हणजे पाणी अगदी थांबलेलं नाही, रांगतंय. ती ढबढब म्हणजे विनिमयकाच्या गरम भिंतीला टेकलेलं पाणी जागोजाग उकळून वाफेचे बुडबुडे फुटण्याचा आवाज. सेन्सर हे बघतो, आच कमी करतो, तरी आकडा चढतच राहिला की बर्नर बंद करतो आणि दिवा लावतो. थोडक्यात, तुमचा बॉयलर त्याचं काम चोख करतोय. म्हणून रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. कारण शोधताना एखाद-दुसऱ्या वेळी ठीक, पण दिवसभर तेच करत राहिलात तर विनिमयकाला विनाकारण ताण बसतो.

झाकणाचं आधी संपवतो. बऱ्याच बॉयलरचं पुढचं झाकण हे नुसतं शोभेचं नसतं. ज्वलन-कक्ष हवाबंद ठेवणाऱ्या रचनेचाच तो भाग असतो. नीट बसलं नाही, तर जळालेला वायू घरात येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे असं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्यानेच करायचं. (एप्रिल २००९ पर्यंत ही नोंदणी कॉर्गीकडे होती. जुनी मंडळी अजूनही “कॉर्गीवाला आण” म्हणतात.) घरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर या शनिवारीच आणा, पंधरा-वीस पौंडांत येतो. अलार्म वाजला, किंवा हीटिंग चालू असताना घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं, तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ या गॅसच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

पण रेडिएटर, त्यांचे व्हॉल्व्ह, हवा काढणं, प्रेशर भरणं, याला कुठलाही परवाना लागत नाही. तुमचं दुखणं बहुतेक इथेच आहे, आणि यजमानांचा उत्साह इथेच वापरायचा.

रेडिएटर बदलणारा माणूस काय करतो ते डोळ्यांसमोर आणा. रेडिएटरचं पाणी काढायचं म्हटलं की तो अनेकदा बॉयलरखालचे पाणी अडवणारे दोन व्हॉल्व्ह बंद करतो, म्हणजे बॉयलरमधलं पाणी जागेवर राहतं आणि नंतर हवा काढायचा त्रास वाचतो. मग काम होतं, पाणी भरलं जातं, एखादा व्हॉल्व्ह उघडायचा राहतो किंवा अर्धाच उघडतो. तो नळ उघडून बघतो, गरम पाणी येतंय, पैसे घेतो, जातो. ऑक्टोबर असतो, हीटिंग कुणी लावतच नाही. तुमची गोष्ट मला या गोष्टीशी तंतोतंत जुळताना दिसते.

म्हणून बॉयलर पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन त्याच्या खाली वाका. तांब्याचे पाच मुख्य पाइप दिसतील. दोन टोकांना असतात ते सहसा रेडिएटरचे, २२ मिलिमीटरचे जाड. एकातून तापलेलं पाणी बाहेर जातं, दुसऱ्यातून निवलेलं परत येतं. मधले बारीक दोन नळाच्या पाण्याचे आणि एक गॅसचा. क्रम कंपनीप्रमाणे बदलतो, तेव्हा बॉयलरसोबत आलेल्या पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवा आणि गॅसच्या कॉकला अजिबात हात लावू नका. आता दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हकडे बघा. काहींना छोटी दांडी असते, काहींना फक्त स्क्रूसारखी खाच. दांडी किंवा खाच पाइपच्या दिशेने असेल तर व्हॉल्व्ह उघडा आहे, पाइपला आडवी असेल तर बंद, तिरकी असेल तर अर्धवट. हाउन्स्लोच्या एका घरी परतीच्या पाइपवरची खाच अशी आडवी होती आणि तिच्यावर स्वयंपाकघराच्या भिंतीचा क्रीम रंग सुकून बसला होता. रंगाच्या पुटाखाली ती दिसतच नव्हती, नख लावून रंग काढला तेव्हा सापडली. तुमच्याकडेही रंगारी येऊन गेलेत, तेव्हा नुसतं लांबून बघू नका.

याच पाइपांवर एखादं काळं, वाटीएवढं भांडं बसवलेलं असेल, तर तो चुंबकाचा गाळणी-फिल्टर. त्याच्याही दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असतात. तेही तपासा.

मग एकेका रेडिएटरकडे वळा. रेडिएटरला दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर १ ते ५ आकड्यांचं गोल डोकं असतं, तो खोलीच्या तापमानाप्रमाणे स्वतः उघड-झाक करतो. दुसऱ्यावर साधी पांढरी टोपी असते, जी नुसतीच गोल फिरते आणि लोकांना वाटतं हा निकामी आहे. त्याला लॉकशील्ड म्हणतात. टोपी वर ओढून काढली की आत पितळेचा चौकोनी दांडा दिसतो. रेडिएटर उतरवताना हे दोन्ही बंद करावेच लागतात. परत लावताना रंगारी आकड्यांचं डोकं ५ वर फिरवतो, कारण ते दिसतं. टोपीखालचा दांडा तसाच बंद राहतो. छोट्या पान्याने दांडा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलकेच फिरवून बघा. लगेच अडला तर तो बंदच आहे. उलट दिशेने पूर्ण एक-दीड फेरा उघडा. नंतर हवा तेवढा कमी करता येईल, आत्ता पाणी वाहणं महत्त्वाचं. सांध्यातून थेंब आला तर नट पाव फेरा आवळा, जोर लावू नका.

आकड्यांच्या डोक्यालाही एकदा खोलून बघा. त्याच्या तळाशी एक खरखरीत कडं असतं, ते हाताने सैल करून डोकं उचलायचं. आत बारीक स्टीलची पिन असते. रेडिएटर उतरवताना कामगार डोक्याच्या जागी एक प्लास्टिकची टोपी घट्ट आवळतात, जी ती पिन दाबून धरते आणि पाणी रोखते. ती टोपी तशीच राहून गेलेली घरंही असतात. टोपी नसेल तर चमच्याच्या पाठीने पिन दाबा. ती तीन-चार मिलिमीटर आत जाऊन सोडल्यावर उसळून वर यायला हवी. दबलेलीच राहिली तर ती अडकली आहे. बाजूने हलकं ठोकलं की बहुतेक वेळा सुटते. पक्कड लावून वर खेचू नका, पिन हातात आणि काळं पाणी नव्या रंगाच्या भिंतीवर, असा प्रकार होतो. सगळी डोकी तूर्त ५ वर ठेवा. सगळ्याच खोल्यांतली डोकी कमी आकड्यावर असली तरी पाण्याला जायला जागा उरत नाही आणि बॉयलर गुदमरतो. म्हणूनच ज्या खोलीत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथल्या रेडिएटरवर असलं डोकं बसवत नाहीत, किंवा बसवलं असेल तर ते कायम पूर्ण उघडं ठेवतात. तुमचा नवा रेडिएटर हॉलमधला असेल आणि थर्मोस्टॅटही तिथेच असेल, तर हे नक्की बघा.

आता हवा. पाणी काढून भरलं की हवा शिरतेच, आणि ती उंचावर जाऊन बसते. हीटिंग बंद करून रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबा. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा, वरच्यांचा नंबर शेवटी. एका वरच्या कोपऱ्यात चौकोनी टोक असलेला छोटा स्क्रू असतो, त्याची चावी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पौंड-दोन पौंडांत मिळते. खाली जुना पंचा धरा, स्क्रू अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. फुस्स आवाज येईल, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. धार आली की बंद. पाण्याचा रंग बघून ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल. आणि गालिच्यावर एक थेंबही पडू देऊ नका. ते पाणी शाईसारखं काळं असू शकतं आणि डाग निघत नाही.

हवा निघाली की प्रेशर उतरतं. बॉयलरच्या खालच्या गोल काट्यावर किंवा पडद्यावर ते गार असताना १ ते १.५ बार असावं. कमी असेल तर फिलिंग लूपने भरा. लूप म्हणजे जाळीदार चंदेरी नळी आणि तिच्या टोकाचे छोटे व्हॉल्व्ह. काही बॉयलरला नळीऐवजी किल्ली किंवा निळी कळ असते. अगदी हळू उघडा, काट्यावर नजर ठेवा, १.३ च्या आसपास बंद करा, आणि खरंच बंद झालंय ना हे दोनदा बघा. उघडं राहिलं तर प्रेशर वाढत ३ बारला जातं आणि बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या नळीतून पाणी ठिबकायला लागतं.

एवढं झालं की बॉयलरचं रेडिएटरचं तापमान सगळ्यात कमी करा, ४५-५० अंशांवर, आणि हीटिंग लावा. आता कसोटी हाताने घ्यायची, पण पाइप चटका देण्याइतका तापू शकतो, तेव्हा ओझरता स्पर्श. बाहेर जाणारा पाइप काही मिनिटांत गरम होईल. परतीचा पाइप त्याच्या मागोमाग, थोडा उशिरा, थोडा कमी गरम व्हायला हवा. जाणारा पाइप पोळतोय आणि परतीचा पंधरा मिनिटांनंतरही गारच, म्हणजे पाणी अजून फेरा पूर्ण करत नाहीये: कुठेतरी बंद व्हॉल्व्ह, हवेची गाठ किंवा गाळ. दोन्ही पाइप दोन मिनिटांतच सारखे गरम आणि रेडिएटर गार, म्हणजे पाणी बायपासने आखूड वाटेने फिरून परत येतंय आणि रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. दोन्ही नीट गरम, रेडिएटरही गरम, तर तुमचं काम झालं. तापमान हळूहळू ६० पर्यंत वाढवा आणि तिथेच ठेवा. ८० ची गरज बहुतेक घरांना नसते. हे बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवतात, पण त्यासाठी परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली लागतं. ६० ला ठेवलंत तर गॅसही थोडा वाचतो.

खालचे दोन नवे रेडिएटर तरीही गार राहिले, तर त्यांना एकेकटं गाठा. एक नवा रेडिएटर पूर्ण उघडा ठेवा, बाकीचे सगळे तात्पुरते बंद करा, बॉयलरचं तापमान खालीच असू द्या. पंपाचा सगळा जोर त्या एकाच वाटेवर येतो आणि अडकलेली हवा बऱ्याचदा गुडगुडत पुढे सरकते. गरम झाला की दुसऱ्यासाठी तेच. काँक्रीटच्या जमिनीच्या घरांत खालच्या रेडिएटरचे पाइप वरच्या मजल्याच्या फळ्यांखालून भिंतीतून खाली सोडलेले असतात, तिथे अशी गाठ हमखास बसते. बाकीचे लगेच परत उघडा, हे विसरू नका.

रेडिएटर वरून गार आणि खाली गरम असेल तर हवा. खालून, मध्यभागी गार आणि वर-कडेने गरम असेल तर गाळ. हा गाळ म्हणजे रेडिएटरच्या आतल्या लोखंडाचा काळा गंज. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला असतो, जुने रेडिएटर हलवले की ढवळून निघतो आणि अरुंद जागी जाऊन बसतो: फिल्टर, पंप, विनिमयकाची बारीक नळी. म्हणूनच मघाशी पाण्याचा रंग बघायला सांगितला. साफ किंवा किंचित पिवळट पाणी आलं तर गाळाची शंका सोडा. काळंकुट्ट आलं तर आधी चुंबकाचा फिल्टर साफ करून घ्या. रेडिंगचं पाणी जड आहे, त्यामुळे “आत क्षार साचलेत” असंही कुणी सांगेल. केटलीत साचतात तसे क्षार नळाच्या बाजूला साचतात, कारण तिकडे रोज नवं पाणी येतं. रेडिएटरमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं, त्यातले क्षार एकदाच काय ते बसतात. तुमचा नळ ठीक आहे, तेव्हा ही शंका मागच्या रांगेत. काही शे पौंडांचा पॉवर फ्लश (यंत्राने जोरात पाणी फिरवून पाइप-रेडिएटर आतून धुणं) आधीच करून घेऊ नका. गाळ खरंच आहे हे दिसल्यावर बघू.

एक गोष्ट मात्र त्या फोन न उचलणाऱ्या माणसाला मेसेज करून विचाराच: पाणी काढून भरल्यावर इनहिबिटर घातलं का? गंज रोखणारं हे रसायन जुन्या पाण्याबरोबर वाहून गेलं. नव्याने घातलं नसेल, तर तुमचे नवे रेडिएटर आतून गंजायला लागले. एक बाटली साधारण दहा रेडिएटरच्या घराला पुरते, नेमकं प्रमाण लेबलवर असतं. मेसेज लेखीच करा, त्याचं उत्तर आलं नाही तरी. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं. तसं झालं नसेल तर ते पुन्हा नीट करून द्यायची जबाबदारी त्याचीच, आणि त्यासाठी आधी तुम्ही त्याला कळवलेलं असावं लागतं. बिल, तारखा, लाल दिव्याचा फोटो जपून ठेवा.

सगळं चालू झाल्यावर काही दिवसांनी एक खोली भाजते आणि दुसरी गार, असं होईल. घाबरू नका, ते संतुलनाचं काम आहे. तुम्ही सांगलीकडच्या, तेव्हा उसाला पाणी पाजताना बघितलं असेल: पाटाजवळच्या सऱ्यांचं दार पूर्ण मोडलं तर पाणी तिथेच मुरतं आणि शेवटच्या सरीला चिखलही होत नाही. इथेही तसंच. बॉयलरजवळच्या रेडिएटरचा लॉकशील्ड दांडा थोडाच उघडा ठेवायचा, लांबच्याचा पूर्ण. पाव-पाव फेऱ्याने बदला आणि प्रत्येक बदलानंतर पाऊण तास थांबा. घाई करणाऱ्याला हे जमत नाही. यजमानांना द्या हे काम.

एवढं करूनही दोन पाइपांतली तीच तफावत राहिली आणि आकडा उसळत राहिला, तर मग इंजिनिअर. त्याचं ओळखपत्र मागून बघा. मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं, आणि नंबर रजिस्टरच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. त्याला “बॉयलर खराब आहे” असं सांगू नका. असं सांगा: रेडिएटरचं काम झाल्यापासून तापतोय, नळावर दहा मिनिटं ठीक चालतो, बॉयलरखालचे दोन्ही व्हॉल्व्ह आणि सगळे लॉकशील्ड उघडून बघितले, हवा काढली, प्रेशर १.३, जाणारा पाइप पोळतो आणि परतीचा गार राहतो. एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस फिल्टर, पंप, त्यावरची हवा सोडणारी टोपी आणि वळण-व्हॉल्व्ह या क्रमाने बघेल. “मग नवीनच घाला” म्हणाला, तर नेमका कुठला भाग गेला आणि तो एकटा बदलायला किती लागतील, हे लिहून मागा. नऊ वर्षांच्या बॉयलरचे सुटे भाग सहसा मिळतात.

बाबांच्या खोलीचं सांगायचं राहिलं. दुरुस्ती लांबलीच, तर तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर घेऊन ठेवा. तो थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनला नाही. खोली निदान १८ अंशांवर असू द्या, इथलं आरोग्य खातंही तेच सांगतं, आणि दम्याच्या माणसाला त्याहून थोडी ऊब बरी. आईंना मात्र आधीच सांगून ठेवा की थंडी वाजली म्हणून गॅसची शेगडी पेटवून दार लावून बसायचं नाही.